विटांवर चढवलेली जीप

पराते मॅडमना गाडी चालवता येत नव्हती. स्कुटीसुद्धा नाही. नागपुरातल्या महाल भागातल्या घरून त्या शहर बसनं यायच्या, बस हुकली तर शेअर ऑटोनं, आणि ऑटोत बसल्या की पुढचा दांडा असा घट्ट धरायच्या की शेजारच्याला वाटावं बाईंना चक्कर येतेय. आणि आमच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसातल्या झाडून साऱ्या सरकारी गाड्या, त्यांचं डिझेल, दुरुस्ती, ड्रायव्हर, सगळा कारभार ह्याच बाईंच्या हाती! मी नवीन लागले तेव्हा मला हसूच यायचं. म्हटलं, ही बाई ऑटोत डोळे मिटून बसते, ही काय गाड्या सांभाळणार?

मी औषध भांडारात होते. भांडार आणि वाहन शाखा ह्यांच्यामध्ये एक लाकडी पार्टिशन, तेही वरून उघडं. त्यामुळं मॅडमचं अख्खं बोलणं माझ्या टेबलावर येऊन पडायचं. बोलणं तरी काय, सकाळपासून एकच. "पोचला का गा?" ड्रायव्हर कामठीला जावो की उमरेडला, निघाल्यावर थोड्या वेळानं मॅडमचा फोन गेलाच म्हणून समजा. "पोचला का? नाई? मंग कुठं आहे? नाक्यावर काहून थांबला?" ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव पोचलाबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाल्या, "ठेवू दे वं. चिडवाले का होईना, फोन त उचलतात."

दिसायला ठेंगण्या, चष्मा जाड, अंगावर बाराही महिने हातमागाची सुती साडी. घरी एकेकाळी माग होता. वडील विणायचे, आई कांड्या भरायची. माग कधीचा गेला, भाऊ कुणी बँकेत कुणी दुकानात लागले, पण त्या घरातली एक सवय मॅडमच्या हाडात उतरली होती. काही वाया गेलं की त्यांना पोटात दुखायचं. मी थट्टेनं म्हणत नाही, खरोखर पोटावर हात ठेवायच्या. बाहेर साहेब लोकांची गाडी एसी लावून नुसती उभी दिसली की ह्या आत खुर्चीत कळवळायच्या. "डिझेल जळून राहिलं वं शोभा. कोणीच बसलं नाई आत, अन् थंड हवा कोणाले देऊन राहिला हा?"

त्यांनी शिस्त लावायच्या आधी आमच्याकडं प्रत्येक अधिकाऱ्याची गाडी वेगळी, ड्रायव्हर वेगळा. एक साहेब सकाळी कामठीला गेले की त्यांच्या मागोमाग दुसरी गाडी नुसती एक फाइल घेऊन कामठीलाच. मॅडमनी सगळ्या किल्ल्या गोळा केल्या आणि आपल्या खुर्चीमागं एका फळीवर खिळे ठोकून टांगल्या. गाडी हवी तर येऊन सांगा, कुठं जायचं, कशाला जायचं. काय गहजब झाला होता बापा! एक डॉक्टरसाहेब तर पार्टिशन हादरेल असे ओरडले. मॅडम फळीला पाठ लावून उभ्या राहिल्या, पण किल्ली काही निघाली नाही. "साहेबजी, गाडी जाईनच. फक्त थोडं थांबा, त्याच वाटेवर तिघांचं काम आहे." त्या दिवशी साहेबांच्या मांडीवर तपासणीचे नमुने आणि पायाशी बिघडलेला फ्रिज गेला. 

त्याच साहेबांच्या बायकोची गोष्ट तर ऑफिसात अजून सांगतात. बाईंना उमरेडला लग्नाला जायचं होतं, त्यांनी थेट मॅडमना फोन केला. मॅडमना नाही म्हणायची भीती, हो म्हणायची त्याहून जास्त. दिवसभर घालमेल. शेवटी म्हणाल्या, "गाडी उद्या उमरेडलाच जाऊन राहिली जी. लसीचे डबे आहेत, सोबत एक सिस्टर. मधात दोन उपकेंद्रांवर थांबन. तुम्ही बसा ना." बाई बिचाऱ्या भरजरी शालू नेसून बसल्या, मांडीवर लसीचा डबा, शेजारी सिस्टर. उपकेंद्रावर गाडी थांबली की आयाबाया खिडकीतून डोकावायच्या, नवीन डॉक्टरीणबाई आल्या म्हणून. मुहूर्त गेला तो गेलाच. त्यानंतर त्या घरून कधी गाडीची मागणी आली नाही. मी पोट धरून हसत होते आणि मॅडम आपल्या काळजीत, "त्याईले राग आला असन का वं?"

इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळतं असा आवही त्यांनी कधी आणला नाही. मेकॅनिकनं क्लच प्लेट बदलली म्हटलं की त्यांचं एकच, "जुनी आणून दाखव." जुनी प्लेट, जुने ब्रेक, जुना पट्टा, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं, आणि बाजूलाच त्यांचा डबा उघडा. पोळीला ग्रीसचा वास लागतो म्हणून मी त्यांना भांडारात जेवायला बोलवायचे. जेवतानाही फोन भाजीच्या वाटीला टेकवून ठेवलेला. एकदा मी चिडून म्हटलं, "मॅडम, सुखानं दोन घास खा ना! इतकी काळजी कशाला करता?" त्या म्हणाल्या, "गाडी उभी असली त वाटते काहून उभी आहे. चालू असली त वाटते आता कुठं असन. मले दोन्हीकडून चैन नाई वं. काय करू?" 

ह्या सगळ्या गाड्यांत एका पांढऱ्या जीपवर त्यांचा जीव टांगलेला असायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी ही जीप नागपुरातून रक्ताच्या पिशव्या घेऊन रामटेककडच्या एका ग्रामीण रुग्णालयात जायची. आमच्या भागात सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराचे रोगी पुष्कळ. लहान लेकरं, बाळंतिणी, कुणाला कधी रक्त लागेल सांगता येत नाही, आणि ते इथूनच जावं लागतं. जीपच्या मागच्या भागात गाडीच्या बॅटरीवर चालणारी थंड पेटी बसवून घेतली होती. चालवायला गजभिये भाऊ. शांत माणूस, गाडी सांभाळून चालवणारा आणि मॅडमचा फोन पहिल्या घंटीला उचलणारा एकटाच. इतर गाड्या गेल्या तर मॅडम काळजी करायच्या, पण ही जीप गेली की त्या दिवशी पाणीसुद्धा विसरायच्या.

मग पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा नियम आला. आमच्या बऱ्याचशा गाड्या एका झटक्यात मागच्या कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. नवीन गाड्यांचा प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला. भाड्याची एक गाडी मिळाली, पण तिला महिन्याच्या किलोमीटरची हद्द. पंधरवड्यातच साहेब लोक ती संपवायचे. आमच्या स्वतःच्या धावत्या गाड्या तीन उरल्या. दोन जुनाट आणि तिसरी ती पांढरी जीप.

आणि डिसेंबर आला. नागपूरकरांना सांगायला नको, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन म्हणजे सगळं सरकारच मुंबईहून इथं उतरतं. मंत्री, सचिव, त्यांचे पीए, सगळ्यांना गाड्या लागतात. मग विदर्भातल्या ऑफिसाऑफिसांतून गाड्या ड्रायव्हरसकट उचलतात. त्याला अधिग्रहण म्हणतात. गाडी देत नाही म्हणायची सोय नाही. फक्त गाडी नादुरुस्त असली तर सुटते.

तेव्हा ऑफिसं काय करतात? अधिवेशनाचा सुगावा लागला की चांगल्या गाडीला बिमार पाडतात. जॅक लावायचा, चारही चाकं काढायची, गाडी विटांवर चढवायची आणि चाकं कुठंतरी दडवून ठेवायची. तपासणीला माणूस आला की म्हणायचं, गिअर बॉक्स गेला साहेब, पार्ट यायचा आहे. सगळ्यांना सगळं माहीत असतं. नोव्हेंबरच्या शेवटी सिव्हिल लाइन्समध्ये एखाद्या सरकारी आवारात डोकावून पाहा, एक तरी गाडी विटांवर दिसेल.

मॅडमनी एवढ्या वर्षांत हे कधी केलं नव्हतं. फार प्रामाणिकपणाचा तोरा होता अशातला भाग नाही. त्यांना खोटं झेपायचंच नाही. घरी बरं नाही सांगून सुट्टी घ्यायची तरी बाईंना खरोखर ताप भरायचा. दरवर्षी त्या मुकाट्यानं चांगल्या गाड्या द्यायच्या आणि अधिवेशन संपेपर्यंत झुरायच्या. गाडी परत आली की सीटवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे डाग पाहून रडवेल्या व्हायच्या.

ह्या वर्षी मात्र अधिग्रहणवाल्यांनी तिन्ही गाड्या मागितल्या. मॅडमनी फोन केले, अर्ज केला, रक्ताची गाडी आहे हो म्हणून सांगितलं. तिकडून उत्तर एकच, कळवतो. मोठ्या साहेबांकडे गेल्या. मोठे साहेब हसत त्यांच्या मागोमाग शाखेपर्यंत आले. पार्टिशनच्या दारात उभं राहून, माझ्या समोर म्हणाले, "मॅडम, सगळे करतात ते करा ना. मला कशाला विचारता?"

दोन जुनाट गाड्या देऊन टाकल्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी गजभिये भाऊंनी जीपची चाकं काढली. मॅडम शेडमध्ये उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. जीप खाली बसली, विटांचा कर्र असा आवाज झाला, तर त्या दचकल्या. पुढं रोज तेच. फाटकातून कुठलीही गाडी आत आली की पार्टिशनपलीकडे खुर्ची सरकायची. "कोण आलं वं शोभा? तपासणीवाले त नाई?" तपासणीवाला आलाही एकदा. शेडमध्ये नुसती नजर टाकून, चहा पिऊन गेला. तो गेल्यावर मॅडमना उलटी झाली.

मंगळवार-शुक्रवारचं त्यांनी असं बसवलं होतं की गजभियेंनी पहाटेच येऊन चाकं लावायची, मागच्या फाटकानं रामटेकला जाऊन यायचं आणि आल्यावर पुन्हा विटांवर. मला हा सगळा तमाशा वाटायचा, पण रक्त तर पोचत होतं.

आणि मग मॅडमना ती कल्पना सुचली. जीपचे टायर पार झिजले होते. नव्याची मागणी करून थकल्या होत्या. रामटेकच्या रस्त्यावर टायर फुटला तर काय, ह्या धास्तीनं त्यांना आधीच झोप नव्हती. शुक्रवारची फेरी झाल्यावर म्हणाल्या, "चाकं काढलीच आहेत, गाडी असंही उभीच आहे. मंगळवारपर्यंत टायर रिमोल्ड करून घेऊ. तेवढाच उपयोग." झिजलेल्या टायरवर नवीन रबर चढवून देतात त्याला आमच्याकडे रिमोल्ड म्हणतात. नव्या टायरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. गजभिये म्हणाले, "सोमवारी नक्की देईन का तो?" कामठी रोडवरच्या दुकानदारानं फोनवर शपथ घेतली. गाडी रिकामी उभी राहते हे ज्या बाईला सहन होत नव्हतं, त्या बाईला ह्याहून चांगली संधी कोणती? मलाही पटलं होतं. त्या दिवशी खूप दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

सोमवारी टायर आले नाहीत. दुकानदाराचा बॉयलर बिघडला होता. उद्या सकाळी देतो म्हणाला. मंगळवारी सकाळी गजभिये दुकानात जाऊन बसले, तर दोन टायर अर्धे झालेले आणि दोन नुसते खरवडून ठेवलेले. तिथूनच त्यांनी फोन केला. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. बरं म्हणण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात रामटेककडून फोन आला. सिकलसेलची बाई, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. अंगात रक्त फारच कमी आणि तिच्या गटाची एकही पिशवी तिथं शिल्लक नाही, आजच्या फेरीतच यायची होती. नागपूरला हलवा म्हणावं तर वाटेतच बाळंत होईल, डॉक्टरांची तयारी नाही. सिस्टर विचारत होती, "गाडी निघाली ना मॅडम?"

मॅडमनी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. त्यांचा चेहरा आठवतो. मीच पार्टिशन ओलांडून गेले. मग जी धावपळ सुरू झाली! गजभिये परत आले आणि चार चाकं उसनी मागायला शेजारच्या ऑफिसात पळाले. तर त्यांचीही जीप विटांवर! तिची चाकं त्यांच्या साहेबांच्या बंगल्यावर, बंगल्याला कुलूप, साहेब विधानभवनात. त्याच्या पलीकडचं ऑफिस, तिथंही तेच. अख्ख्या रस्त्यावर धड जीप होत्या, पण चाक एकीलाही नव्हतं. मी मोबाइलवरून टॅक्सी बोलावली. मोर्च्यांमुळं निम्मे रस्ते बंद, एकानं यायचं रद्द केलं. दुसरा आला, रक्त न्यायचं आहे म्हटल्यावर "नाई मॅडम, ही लफडी नको" म्हणून वळून गेला. भाड्याच्या गाडीचे किलोमीटर कधीच संपले होते, रुग्णवाहिका अधिवेशनाच्या बंदोबस्तात अडकलेल्या. मोठ्या साहेबांचा फोन बंद.

मॅडम एकाएकी उठल्या. पर्स घेतली. म्हणाल्या, "शोभा, बर्फाचा डबा घे. चाल माझ्यासंगं."

"कुठं?"

"आपल्या दोन गाड्या आहेत ना त्याईच्याजवळ. एक मागून आणतो."

अधिग्रहणाच्या गाड्यांचा तळ जवळच्याच एका मैदानावर होता. आम्ही तिघं पायीच निघालो, मी, मॅडम आणि डबा घेऊन गजभिये. समोरून मोर्चा, घोषणा, पोलिसांचे कठडे. मॅडम गर्दीतून अशा चालल्या होत्या की मला पळावं लागत होतं. वाटेत मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "मॅडम, नुसती गाडी मागा. जीपचं नाव काढू नका."

"विचारतीलच ना वं."

"विचारलं तर गिअर बॉक्स गेला म्हणा. एवढे दिवस म्हणताच आहात ना?"

त्या तशाच पुढं चालत राहिल्या. माझा तर जीव वर-खाली होत होता. खोटं बोलताना ही बाई अडखळणार, ते ओळखणार, आणि गाडीही जाणार, तिकडची बाळंतीणही जाणार.

मैदानावर गाड्यांच्या ह्या रांगा! दिवसचे दिवस नुसत्या उभ्या. कुणाचा तरी पीए येईल म्हणून थांबलेल्या. त्यातच आमची गाडी होती. आमचा ड्रायव्हर सीट मागं टाकून तोंडावर रुमाल घेऊन घोरत होता. आल्या दिवसापासून तिला कुणी विचारलंही नव्हतं. मॅडम क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या.

तंबूत टेबलामागं एक तरुण अधिकारी बसला होता. दोन फोन, डोळे तारवटलेले. मॅडमनी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मॅडम, सकाळपासून वीस लोकांना त्यांची गाडी परत हवी आहे. रक्ताला तुमची वेगळी गाडी आहे ना? ती कुठं आहे?"

मी मॅडमच्या मागं उभी. त्यांच्या पोलक्याची पाठ घामानं ओली झालेली मला दिसत होती.

"आहे जी," त्या म्हणाल्या. "विटांवर आहे."

"म्हणजे नादुरुस्त."

"नाई. चांगली आहे. मीच चढवली विटांवर, तुम्हाले द्याची नव्हती म्हणून. अन् टायर रिमोल्डले पाठवले, तेही मीच पाठवले. तिचं काही बिघडलं नाई. बिघडलं ते माझ्यानं. तिकडं एक पोरगी अडली आहे साहेबजी. गाडी द्या, अन् मंग माझ्यावर जे कराचं ते करा."

 एवढ्या वर्षांत तिथं हे कुणी मोठ्यानं उच्चारलं नसेल. तो अधिकारी बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "अशा किती ऑफिसांच्या गाड्या विटांवर आहेत, मॅडम?"

"मी माझ्या गाडीचं सांगतलं. दुसऱ्याचं मले नका विचारू."

त्यानं मान खाली घातली आणि गाडी सोडायला सांगितलं. "जे बोललात ते लेखी द्यावं लागेल," एवढंच वर म्हणाला. गजभियेंनी झोपलेल्या ड्रायव्हरला बाजूला सारलं, डबा सीटवर ठेवला. अधिवेशनाचा पास काचेवर होताच, कठडे आपोआप उघडत गेले. रक्तपेढी आणि तिथून रामटेक. मॅडम तंबूतच बसल्या, लिहून द्यायला.

ती दुपार मी विसरू शकत नाही. ऑफिसात येऊन त्या खुर्चीत बसल्या आणि फोनला हातच लावेनात. मी म्हटलं, "गजभियेंना फोन लावू?" तर म्हणाल्या, "नको. गाडी चालवून राहिला थो. चालवू दे." ज्या बाईनं आयुष्यभर ड्रायव्हरांना सळो की पळो केलं, ती त्या दिवशी फोनकडे पाठ करून बसली होती. मला तर रडूच यायला लागलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "नवे टायर नाई भेटले त नाई भेटले, तसेच चालवाचे होते वं. चालत होते ना. मले काहून सुचलं असं?" मी त्यांचा हात धरला, गार पडला होता.

उन्हं उतरली तेव्हा गजभियेंचाच फोन आला. रक्त पोचलं, चढवलं, बाई बाळंत झाली. पुष्कळ रक्तस्राव झाला, पण वाचली. मुलगी झाली, तीही बरी आहे. मॅडमनी ऐकून घेतलं, फोन माझ्याकडे दिला आणि टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडल्या. मीही रडले. चपराशी दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला.

पुढं व्हायचं ते झालं. मॅडमना नोटीस आली. दुसऱ्याच दिवशी जीपला तळावरून चार चाकं आणून लावली आणि अधिवेशनात घेऊन गेले. चांगली आहे असं मॅडमनीच सांगितलं होतं ना! तीन-चार दिवस फोनाफोनी झाल्यावर तीच जीप रक्तासाठी सोडली, हे सांगायला हवं, पण तेवढे दिवस रामटेकवाल्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. आणि मोठे साहेब? चौकशीत म्हणाले, मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या समोर बोलले होते ते. मी सांगते. जे होईल ते होईल."

"नको वं."

"का पण? त्यांनीच सांगितलं ना विटांवर चढवायला?"

"विटांवर चढवाले त्याईनं सांगतलं. टायर मी पाठवले."

ह्यापुढं बाई बोलायला तयार नाही. वेतनवाढ रोखली, वाहन शाखा काढून घेतली, दुसऱ्या ऑफिसात बदली झाली. किल्ल्यांची फळी आठवड्याभरात निघाली, आणि ज्याची गाडी त्याच्या दारात, असं पुन्हा सुरू झालं. पार्टिशनपलीकडे वानखेडे म्हणून नवे आले. भला माणूस, पण फोन कुणालाच करायचा नाही. मला ती शांतता खायला उठायची.

पुढच्या डिसेंबरात, अधिवेशनाच्या तोंडावर, फाटकातून एक गाडी आत आली. मागच्या सीटवरून पराते मॅडम उतरल्या. मी धावत गेले. नेहमीचीच सुती साडी, थोड्या वाळलेल्या. म्हणाल्या, "गाड्या तपासाले आली वं." गेल्या वर्षीच्या त्या तरुण अधिकाऱ्यानंच त्यांना अधिग्रहणाच्या कामावर मागून घेतलं होतं. कोणतं ऑफिस कशी गाडी दडवतं हे ज्याला कळतं असा माणूस त्याला हवा होता. मला हसावं की रडावं कळेना.

आणि आमची पांढरी जीप शेडमध्ये विटांवर.

वानखेडेंचा चेहरा उतरला. गजभिये खांबाआड जाऊन उभे राहिले. मॅडम शेडमध्ये गेल्या, खाली वाकून जीपच्या पोटाखाली पाहिलं. विचारलं, "काय झालं हिले?"

"गिअर बॉक्स, मॅडम," वानखेडे म्हणाले. "पार्ट यायचा आहे."

"टायर कुठं आहेत?"

वानखेडे गजभियेंकडं पाहू लागले. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज चढला, मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "टायर कुठं आहेत गा? बाहेर पाठवले का?"

मग मीच पुढं झाले. म्हटलं, "माझ्याकडं आहेत मॅडम. भांडारात."

मी दार उघडलं. सलाइनच्या खोक्यांमागं चारही चाकं भिंतीला लावून ठेवली होती. मॅडम आत आल्या, खोकी हातानं बाजूला केली आणि एकेका टायरवर अंगठा रोवून पाहिला. तिसऱ्यापाशी थांबल्या.

"गजभिये," त्यांनी हाक मारली, "ह्याच्यात हवा कमी आहे. आजच भरून ठेव."

बाहेर येऊन त्यांनी जीपच्या नावापुढं नादुरुस्त असं लिहिलं. लिहिलेलं दोनदा वाचलं. सही केली. मी चहा घ्या म्हटलं, तर नको म्हणाल्या, अजून पुष्कळ ऑफिसं व्हायची होती. मागच्या सीटवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी पुढचं सीट धरलं आणि गाडी फाटकाबाहेर गेली.